हॉर्नशिवाय गेलेले पाहुणे

प्रिय वर्षाली,

फोनवर सगळं तुझी आईच बोलते आणि मी नुसता 'हं' म्हणतो, म्हणून हे पत्र. रविवारी आपल्या धाकट्या अपेक्षाला बघायला चाकणकडचे पाहुणे येऊन गेले, हे तुला कळलंच असेल. पण खरी गंमत ते निघताना झाली. ती आईनं नक्कीच गाळली असणार.

पोहे झाले, चहा झाला, मुलगा रणजीत आणि आपली अपेक्षा गच्चीवर दहा मिनिटं बोलून आले. सगळे खाली उतरले. दादासाहेबांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, किल्ली फिरवली, तर गाडी नुसतीच खुर्र खुर्र करत राहिली. थेरगावातली आपली गल्ली तुला माहीत आहे. दोन मिनिटांत दहा मेकॅनिक जमले. एक म्हणाला बॅटरी गेली, दुसरा म्हणाला पेट्रोलमध्ये पाणी आहे. शेजारच्या कोंडीरामनं तर चौघांना घेऊन गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली आणि तशीच ढकलत परत आणली. मग दादासाहेब माझ्याकडे वळले. "ज्योतीराम, तुमी तर इंजिनाच्या कंपनीत व्हता. बघा की जरा!" आता काय सांगू त्यांना? अठ्ठावीस वर्षं मी लाइनवर एकाच जागी उभा राहून तेच सहा बोल्ट आवळले. पुढे गेलेलं इंजिन सुरू होतं की नाही, हे बघायला मी कधी गेलोच नाही. तरी बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघत राहिलो.

तेवढ्यात अपेक्षा नव्या साडीचा पदर खोचून पुढे आली. आईनं डोळे वटारले, पण तिनं तिकडे पाहिलंच नाही. "धक्का कशाला मारताय? स्टार्टर जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे." तिनं सगळ्यांना गप्प केलं, रणजीतला किल्ली अर्धीच फिरवायला सांगितली आणि स्वतः मागच्या सीटला कान लावला. सीटखालच्या टाकीतला पेट्रोलचा पंप तेव्हा क्षणभर गुणगुणायला हवा. तो मुका होता. मग तिनं फ्यूजच्या खोक्याचं झाकण काढलं. पंपाचा फ्यूज शाबूत होता. पंपाला करंट पोचवणारा रिले, काडेपेटीहून लहान काळी डबी, तिनं उपटून काढला आणि हॉर्नचा तसलाच रिले त्या जागी बसवला. "आता मारा." पहिल्याच फटक्यात गाडी सुरू! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. "पण घरी पोचेपर्यंत हॉर्न वाजणार नाही हं," अपेक्षा म्हणाली, आणि दादासाहेबांचा चेहरा पडला. "डांगे चौकातल्या गर्दीतनं बिगर हॉर्नचं? त्यापरीस बंद गाडी बरी व्हती की!" शेवटी रणजीतनं गाडी चालवली आणि दादासाहेब खिडकीतून डोकं काढून "ए भावा, सरक!" असं ओरडत गेले.

सोमवारी त्यांचा होकार आला. अपेक्षा म्हणते, आणखी दोनदा भेटल्याशिवाय मी माझं उत्तर देणार नाही. बरोबर आहे तिचं.

पाहुणे गेल्यावर मी तिला विचारलं, हे शिकलीस कुठं? "ताईनं शिकवलं." सोलापुरात सासरची जुनी व्हॅन तूच दुरुस्त करतेस आणि व्हिडिओ कॉलवर हिला दाखवतेस, हे मला तेव्हा कळलं. इतका वेळ हसत होतो, पण त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

वर्षाली, दहावीनंतर ऑटोमोबाइलच्या डिप्लोमाचा फॉर्म भरून तू जमा करायला माझ्या हातात दिला होतास. संध्याकाळी मी सांगितलं की मुदत कालच संपली. तू कॉमर्सला गेलीस. बाळ, मुदत संपली नव्हती. अजून चार दिवस होते. मी कॉलेजच्या फाटकापर्यंतही गेलो नव्हतो. पोरीचे हात काळे झाले तर स्थळं येणार नाहीत, अशी धास्ती घेतली होती मी. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही. तिच्याआधी ते तुला कळायला हवं होतं. पुढच्या शनिवारी मी एकटाच सोलापूरला येतोय. तुला जे बोलायचं असेल ते समोर बोल. मी सगळं ऐकून घेईन.

तुझाच,
अप्पा