नदीपलीकडची अकरा दुकानं

४ मार्च, सोमवार

डोक्याचा पार भुगा! सात विक्रेते, तीनशे बारा दुकानं, आणि साहेबांचा हुकूम — "सगळ्यांना सारखा भाग आखून दे. नाही जमलं तर सातातला एक कमी करू."

नवा प्रोग्राम नकाशावर प्रत्येकाच्या भागाला एक रंग देतो. हिरव्यातली चार दुकानं काढली की पिवळा फुगतो. पिवळा दाबला की जांभळा बोंबलतो. दिवसभर हेच! घरी नवरा म्हणाला, "कुलपं-बिजागऱ्या विकायच्यात ना? मग चित्रकलेचा तास कशाला?"

लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत गेले.

६ मार्च

सगळ्या विक्रेत्यांचं रडगाणं सुरू. लांबू म्हणतो, "मॅडम, नकाशावर चढ दिसत नाही हो!" फक्त काका गप्प. आमचे सगळ्यांत जुने विक्रेते, एकोणीस वर्षं झाली. मी नवी असताना त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून बाजारपेठेतली दुकानं शिकले. काही झालं तरी काकांना धक्का लागू द्यायचा नाही.

पण त्यांचाच निळा भाग जुळत नाही. वैताग!

९ मार्च, शनिवार

सापडलं! प्रोग्राम अंतर सरळ रेघेत मोजत होता. मध्ये नदी आहे की! काकांची पलीकडची अकरा दुकानं रेघेने दोन किलोमीटर, पुलावरून चौतीस. आठवडाभर मी काय झोपले होते?

अंतर रस्त्याने लावलं. ती अकरा दुकानं पुलाकडे राहणाऱ्या लांबूला दिली. काकांची दगदग वाचली. फार बरं वाटलं.

११ मार्च

बैठक. काका म्हणाले, "अगं, पण पलीकडचं म्हणशील तर —"

मी मध्येच तोडलं. "काका, चौतीस किलोमीटर! या वयात कशाला जिवाला त्रास?" सगळे हसले. काकांनी चष्मा पुसला, "बरं" म्हणाले.

१४ मार्च

साहेबांनी नकाशा पाहिला. "निळ्यात उरलं काय? तेहतीस दुकानं! एवढ्यासाठी पूर्ण माणूस?" माझ्यासमोर प्रोग्राममध्ये साताच्या जागी सहा टाकलं. एका मिनिटात सगळे रंग सारखे!

मी भांडले. खरंच भांडले. शेजारच्या भागांतली दहा दुकानं काकांना देते म्हटलं.

"म्हणजे परत सगळे बोंबलणार. आणि नकाशा तूच काढलास ना?"

१५ मार्च

काकांनी नमुन्यांची बॅग माझ्या टेबलावर ठेवली. वरचा पट्टा झिजून पांढरा पडलाय. म्हणाले, "जेवलीस का?"

त्यांनी चिडायचं तरी! दोन शब्द सुनवायचे! मी बाथरूममध्ये जाऊन रडले. स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

१९ मार्च

लांबू तणतणत आला. पलीकडे जाऊन यायलाच अर्धा दिवस मोडतो म्हणे. वर दुकानदारांची तक्रार — "काका नऊच्या ठोक्याला हजर असायचे!"

नऊला? साडेआठला तर ते इथे ऑफिसात सही करायचे. रोज. मी पाहिलंय.

२१ मार्च

सकाळी नदीवर गेले. तिथून होडी सुटते. होडीवाला म्हणाला, अलीकडच्या काठावर स्कूटर ठेवायला काकांची जागा ठरलेली होती.

पलीकडे उतरले तेव्हा घड्याळ पाहिलं. सात मिनिटं.