ओव्हरड्राइव्हची डबी

२१ जाने. १९७९, रवि. दौंड
पुण्याला जाऊन आलो. आणली शेवटी. बुधवार पेठेतल्या रेडिओ-सामानाच्या गल्लीत एक जण घरी बनवून विकतो. गिटारच्या विलायती पेडलचं नाव काढायची आपली ऐपत नाही, ही परवडली. पत्र्याची डबी, हातानं मारलेला हिरवा रंग, वर दोन बटणं आणि पायानं दाबायचा खटका. झाकणावर मराठीत 'ओव्हरड्राइव्ह'. मी विचारलं, म्हणजे फझच ना? म्हणाला, 'नाही हो. फझनं आवाज फाटतो. यानं तापतो.' वाजवून दाखवायला त्याच्याकडे गिटार नव्हती. शब्दावर घेतली.
क्वार्टरला कुलूप. असणारच, मीच लावून गेलो होतो. तरी आधी हात कडी वाजवायला गेला.

२३ जाने.
सकाळची ड्यूटी. पार्सल ऑफिसात लिंबाच्या गोण्या, सगळं ऑफिस आंबट. दुपारी डबी जोडली.
पलीकडे शेखचाचा झोपलेले, रात्रीचं इंजिन घेऊन आले होते. भिंत एकच. आमचा अँप्लिफायर व्हॉल्व्हचा, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या अडगळीतून आणलेला. मोठा केला तर गातो, लहान ठेवला तर नुसता टणटण करतो. आणि रेल्वे कॉलनीत दिवसाच्या कुठल्याही वेळी कुणीतरी झोपलेलं असतंच. म्हणून तर डबीचा खटाटोप. लहान आवाजात मोठा आवाज निघतो म्हणतात.
खटका दाबला. आधी नुसती घरघर. तार छेडली तर बाटलीत गांधीलमाशी. बटण मागे, पुढे, मागे. मग मधेच एका जागी सूर लागला आणि थांबेचना. बोट तसंच दाबून धरलं. कापडासारखा जाड आवाज. हळूहळू बारीक झाला, पण तुटला नाही.
नेहमी तार छेडली की सूर लगेच मरतो. हा राहिला. पुन्हा पुन्हा तोच सूर वाजवत बसलो. जेवण राहिलं.

२८ जाने., रवि.
शेखचाची दाराशी वाटी घेऊन. 'बेटा, सिलाई मशीन कब ली?' म्हटलं, चाची, मशीन नाही, गिटार आहे. त्यांना ते पटलं नाही. म्हणाल्या, 'सुमन के लिए ली होगी. आएगी तो खुश होगी.' वाटीत दालचा होता. अर्धा संध्याकाळसाठी ठेवला.
चाचांना विचारलं, त्रास होतो का. ते म्हणाले, 'इंजन में नींद आ जाती है मुझे. तू बजा.'

२ फेब्रु.
सुमन दसऱ्यानंतर बाळंतपणाला कवठ्याला गेली. येमाईचं कवठं, तिचं माहेर. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा बदलीला माणूस नव्हता. रजा मिळून पोचलो तेव्हा मूल नव्हतं. नाव ठेवायचं राहिलं. सु. भिंतीकडे तोंड करून पडलेली. सासूबाई म्हणाल्या, 'तिला काय बोलू नका, आठवण काढू नका. इसरंल.' मी काही बोललो नाही. आबा, म्हणजे सासरे, म्हणाले थोडे दिवस राहू द्या. म्हटलं राहू द्या.
थोडे दिवस म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही.

११ फेब्रु., रवि. शिरूर
आप्पांकडे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांची तालीम सुरू झाली. आप्पा माझे मामा, त्यांनीच मला वाढवलं आणि त्यांच्या गायनपार्टीत बसवलं. हार्मोनियम, ढोलकी, कोरसला चौघं. दौंडच्या गार्डसाहेबांकडून गिटार शिकून आलो तेव्हा शिरूरात हसले होते. आता सवय झाली.
डबी लावून दाखवली. ढोलकीवाला रामा पोट धरून हसला. आप्पा हसले नाहीत. डोळे मिटून पूर्ण ऐकलं.
'गळा बसल्यावानी वाजतंय.'
म्हटलं, आप्पा, सूर लांबतो बघा.
'लांबतो. पर गाण्याच्या अंगावर येतो. लोक शब्द ऐकाया बसत्यात. तुजी डबी राहू दे. साधी वाजीव.'
साधी वाजवली.
निघताना स्टँडपर्यंत आले. 'सूनबाई कवा यायची?'
'येईल की आता.'
'आता म्हंजी कवा?'
गाडी लागली होती, चढलो.

२५ फेब्रु.
कवठ्याचा एक माणूस पार्सल सोडवायला खिडकीवर. गावाचं नाव बघून ओळख दिली, विचारलं, आबांच्या घराजवळचे का. व्हय म्हणाला. 'तुमच्या मालकीणबाईंना बघितलं की परवा. कांद्यात खुरपत व्हत्या. झ्याक हायत.'
बरं वाटायला हवं होतं. खुरपायला बसते म्हणजे अंगात ताकद आली. म्हणजे दुखणं म्हणून राहिलेली नाही.
दुपारी डबी काढली, पण पाच मिनिटांत ठेवून दिली.

४ मार्च, रवि.
कवठ्याला जाऊन आलो. न सांगता गेलो. आबा ओट्यावर. कांद्याच्या रोगावर बोलले, विहिरीवर बोलले, माझ्या प्रमोशनवर बोलले. सु. चहा घेऊन आली. वाळली आहे. हाताला चिरा.
'जेवता का नीट?'
'जेवतो.'
'चाची कशा हायत?'
'बऱ्या आहेत. तुझी आठवण काढतात.'
सासूबाई चौकटीत उभ्याच. एकटी अशी भेटलीच नाही. जेवण झालं. आबा म्हणाले, शेवटची गाडी चुकंल. उठलो. ती गोठ्याकडे गेली होती, मी वेशीपर्यंत मागे पाहत गेलो, तोवर तरी तिनं वळून बघितलं नाही.
काय बोलायचं ते परतीच्या गाडीत सुचलं. न्हावऱ्यापर्यंत मनात सगळं चांगलं जुळलं होतं.

१८ मार्च
डबी मुकी झाली. झाकण उघडलं. आत अगदीच थोडं सामान, रेडिओतलेच दोन ट्रान्झिस्टर आणि चिमटीभर बाकीचं. एक वायर सुटलेली. स्टोव्हवर सळई तापवून डाग दिला, बोट भाजलं, आवाज आला. एवढ्याशा सामानातून येतो याचं नवलच.
बॅटरी उतरत आली की वेगळाच वाजतो. दमेकऱ्यासारखा अडखळत सुरू होतो, मग उघडतो. नवी बॅटरी आणून ठेवली आहे, पण अजून जुनीच चालवतोय. आता मला कळलंय आवाज तापवायचं, ड्राइव्हचं बटण कुठं ठेवायचं. अर्ध्याच्या थोडं अलीकडे. त्याच्यापुढे गेलं की गोड राहत नाही.
हे सांगायला कुणी नाही. चाचीला सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अच्छा.'

१ एप्रिल, रवि. शिरूर
आप्पांचा गळा बसला. तालमी फार झाल्या, वर धूळ. हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळं चालू. तिसऱ्या कडव्याला आवाज सापडेना. रामा माझ्याकडे बघायला लागला, मी खाली बघितलं. माझी हसायची पाळी होती पण हसू आलं नाही. आप्पा तोंडावर टॉवेल धरून बसले.
मग म्हणाले, 'ती डबी आणलीय का?'
'आणलीय.'
'कडवं झालं का तू सूर सोड. लांब सोड. मी तवर दम घेतो.'
लावली. आप्पांच्या शेवटच्या सुरावरून उचलायचं आणि पुढच्या शब्दापर्यंत नेऊन द्यायचं. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमलं. आप्पा मान हलवून पुढचं कडवं म्हणू लागले. रामा हसला नाही.
'जयंतीला कवठ्याला निरोप धाडलाय,' आप्पा म्हणाले. 'समदी येत्याली. सूनबाईसुदिक.'

१४ एप्रिल, शनि. शिरूर
वस्तीत सकाळपासून पताका, निळा गुलाल. कार्यक्रम दिवे लागायच्या सुमाराला, मिरवणूक निघायच्या आधी. अँप्लिफायर टॉवेलात गुंडाळून आणलेला, व्हॉल्व्ह शाबूत. बायकांच्या बाजूला सु. दिसली. पांढरी साडी, शेजारी तिची आई. जयंतीला सगळ्याच पांढऱ्या साडीत असतात, तरी चटकन ओळखली.
आप्पांनी पहिली दोन गाणी साधी नेली. तिसऱ्याला माझ्याकडे बघितलं. दाबली. मागून पोरांनी शिट्ट्या मारल्या, पुढची म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एक आजोबा कानावर हात ठेवून बसले. मी सूर नेला, आप्पांच्या हातात दिला, आप्पांनी घेतला. कडव्यामागून कडवं. शेवटच्या वेळी आप्पांनी शब्द उचललाच नाही, बोटानं खुणावलं, चालू दे. वाजवत राहिलो.
सु. बघत होती. एवढंच कळलं.
खाली उतरल्यावर एक जण म्हणाला, मस्त. दुसरा म्हणाला, हे काय आपलं न्हाई. आप्पांना विचारलं. 'बरं वाजलं,' म्हणाले. आवाज पूर्ण गेला होता, ओठांवरून कळलं.

१५ एप्रिल, रवि. शिरूर
आज लिहायला हात होत नाही, पण राहिलं तर जाईल.
कवठ्याची मंडळी आप्पांकडेच मुक्कामाला होती. सकाळी आबा आणि आप्पा बाहेर गेले, सासूबाई मामीबरोबर धुणं घेऊन गेल्या. मी आतल्या खोलीत वायरी गुंडाळत होतो. सु. दारात आली. मग आत येऊन खाली बसली.
'ही का ती?'
डबी हातात घेतली. उलटी करून बघितली.
'वाजवा.'
पुन्हा जोडलं. माझ्या नेहमीच्या जागी बटण ठेवून वाजवलं. ऐकलं तिनं. मग म्हणाली, 'तुम्ही तिचा आवाज ऐकला न्हाई.'
मी थांबलो.
'मला घरात कुणी बोलू देत न्हाई. तोंड उघडलं का आई म्हणती, गप, इसर. तुम्ही तर इचारलंच न्हाई.'
म्हटलं, मला वाटलं तुला त्रास होईल.
'होऊ द्या की.'
मग तीच म्हणाली, 'लई मोठा व्हता. येवढंसं आंग. सुईणबाई म्हणली, पोरीनं गाव उठीवलं. वाजवा.'
वाजवलं. तिनं मान हलवली. 'ह्यो गोड हाय. तसा नव्हता.' हात पुढे करून बटण पुढे फिरवलं. 'वाजवा.' अजून पुढे. मी वरच्या तारेवर गेलो. खरखरीत, चिरका. 'हं. आन् मधीच थांबायचा. दम घ्यायला. मग पुन्हा.' मी थांबलो. पुन्हा छेडली. तिनं बटण शेवटापर्यंत नेलं. तार किंचाळली, आपोआप, बोट काढलं तरी.
सु. म्हणाली, 'असा. साधारण असा.'
डबीवर हात ठेवून ती बसली. रडली नाही. मला रडू आलं. मूल गेल्यापासून पहिल्यांदा. तिनं माझ्याकडे बघितलं, असं बघितलं की जणू हे बघायला ती इतके दिवस थांबली होती. की मला तसं वाटलं. खटका बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही, नुसती घरघर चालू होती.
'तिचं नाव मी मनात ठिवलंय,' म्हणाली.
'काय?'
सांगितलं. इथं लिहीत नाही.
बाहेर मामीचा आवाज आला. ती उठली. म्हटलं, दौंडला चल. म्हणाली, 'आज न्हाई.' म्हटलं, मग कधी. पदर खोचला, म्हणाली, 'कांदा निगू द्या. मग बघू.' आणि दारातून, 'मी यायचंच न्हाई असं म्हणलेलं न्हाई.'
दुपारच्या गाडीनं कवठ्याला गेले सगळे. स्टँडवर ती खिडकीशी बसली होती. गाडी वळेपर्यंत बघत होती.

२२ एप्रिल, रवि. दौंड
रात्रपाळी, दिवसा झोप नाही. ऊन. चाचीनं विचारलं, भेटली का. भेटली म्हटलं. 'क्या बोली?' मी सांगायला लागलो आणि सगळं सांगितलं, मुलीचं, नावाचं, सगळं. चाची भांडं घासायचं थांबल्या. त्यांचंही एक गेलं होतं, म्हणाल्या, मनमाडला असताना. इतकी वर्षं शेजारी आहेत, मला माहीत नव्हतं. चाचा आत झोपलेले, म्हणून हळू बोलत होत्या.

२९ एप्रिल
आप्पांचा गळा सुटला. रामा आला होता, तो सांगत होता. लग्नसराईत दोन ठिकाणी बोलावणं आहे, एकीकडे डबीसकट ये म्हणालेत. दुसरीकडे डबी नको म्हणालेत. बघू.
वाजवलं थोडं. गोड जागी.

६ मे, रवि.
पार्सल ऑफिसात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागली आहे, फलाटापर्यंत. म्हणजे कांदा निघाला. सगळ्यांचा निघाला असेल.
स्वयंपाकघर धुतलं. तिची ट्रंक उन्हात ठेवून पुन्हा आत घेतली. तांदूळ निवडले.
संध्याकाळी भाजी आणायला स्टँडकडे गेलो. भाजी इकडे बाजारातही मिळते. शिरूरची गाडी आली. उतरणारे सगळे उतरले, कंडक्टर टपावरचं सामान काढून देत होता. गाडी रिकामी झाली तरी थोडा वेळ उभा होतो. मग मेथी घेतली. दोन जुड्या.