उलटा सेल

सोमवार, संध्याकाळ

पाय सुजलाय, मोडलेला नाही. काल इंद्रवेल्लीपलीकडची टेकडी उतरताना मुरगळला. अंधार पडत होता, मोबाईलला रेंज नव्हती. शेवटी टॉर्च देऊन सुनीतालाच खालच्या वस्तीत माणसं आणायला पाठवलं. नवरा वर दगडावर, बायको खाली.

बॅग मीच भरली होती. दोरी, शिट्टी, पट्ट्या, साखर-मीठ, सगळं. टॉर्चमधला एक सेल उलटा घातलेला, बॅगेत बटण दाबलं जाऊन संपू नये म्हणून. बाबांची सवय. सुनीताला कधी सांगितलं होतं का? आठवत नाही. म्हणजे नाहीच.

उलटा सेल आठवला तेव्हा ती वळणापलीकडे गेली होती. शिट्टी वाजवली. तिला वाटलं, घाई कर म्हणतोय. ती आणखी भरभर उतरली.

अर्ध्या तासानं दोन माणसं घेऊन आली. कोपर खरचटलेलं. रागावली नाही.

"सेल संपला असंन म्हनलं. तुमी भरलेली बॅग, मंग मी काऊन उघडून पाहू?"

आज सेल सरळ केला. बटण दाबलं, उजेड पडला. एवढंच करायचं होतं तिला, आणि ते फक्त मला माहीत होतं.