उरलेले नऊ अध्याय

मु. आंबेखोल, ता. राजापूर
२२ फेब्रुवारी १९५६

चि. जयवंतास गुणाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे क्षेम आहे. काजूला मोहर बरा आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, पण तोंड नीट चालतं, तेव्हा काळजी नाही.

आता मुख्य गोष्ट. परवा देवळात शिमग्याची बैठक होती. मुंबईहून आलेल्या मंडळींनी सगळ्यांदेखत सांगितलं, की काळाचौकीला जयवंत बाटला. घरात ख्रिस्ताची पोथी पाटावर ठेवतो, वर तांबड्या खारव्याचं कापड, पुढे समई आणि तुळस. मी हसण्यावारी नेलं. पण शेजारच्या जाईबाईने डोळ्यांनी पाहिलं म्हणतात.

नलूचे होणारे सासरे, परळचे चिंतामणी घाडी, यांचाही निरोप आला. चैत्रातला साखरपुडा त्यांनी थांबवला आहे. पुस्तक घराबाहेर गेलं पाहिजे आणि तू भटजीकडून गोमूत्र घेऊन शुद्ध झालं पाहिजे. पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान आपल्या घराचा आहे, तोही काढून घेण्याची भाषा चालू आहे. हे स्थळ मी शोधलं, शब्द मी दिला. आठ दिवसांत खुलासा कर. सौ. रमाबाईस व नलूस आशीर्वाद. माझी माया आटलेली नाही, पण तिची परीक्षा पाहू नकोस.

गुणाजी


काळाचौकी, मुंबई
२६ फेब्रुवारी १९५६

ती. स्व. दादांस जयवंतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पावलं. जाईबाईने पाहिलं ते खरं आहे. मी बाटलो हे खरं नाही.

आमच्या चाळीत तळमजल्यावर मनमोहन साळवे राहत. आमच्याच गिरणीत, फोल्डिंग खात्यात. धर्माने ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, मागे कोणी नाही. जानेवारीत इथे गोळीबार झाला तेव्हा जाईबाई गॅलरीत उभी होती. साळव्यांनी तिला आत ओढलं आणि गोळी त्यांच्या पोटात लागली. त्या धावपळीत चष्मा फुटला. हॉस्पिटलात म्हणाले, जयवंतराव, योहानाचं शुभवर्तमान तेवढं वाचून दाखवा, अक्षर दिसत नाही. पाळी सुटली की मी जाई आणि एक अध्याय वाची. पहिल्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी मी कपाळाला लावलं, तर हसून हसून त्यांचे टाके दुखले. म्हणाले, आमचा पाद्रीसुद्धा याला इतका वाकत नाही.

बारा अध्याय झाले आणि ते गेले. नऊ राहिले. सुरू केलेली पोथी अर्धी सोडू नये, हे बाबांनी आपल्याला शिकवलं. म्हणून गुरुवारी आणि रविवारी एकेक अध्याय घरी वाचतो. अंघोळ, समई, तुळस, खारवा, याखेरीज देवाचं पुस्तक वाचण्याची दुसरी रीत मला कोणी शिकवली नाही. त्यांची रीत वेगळी असेल. रमा म्हणते, पोथीसाठी उदबत्ती बरी आठवते, मला काडेपेटी आणायला मात्र विसरता.

तुम्ही विचाराल, एवढं काय आहे त्यात. दादा, हे पुस्तक गोठ्यातल्या बाळापासून सुरू होत नाही. आभाळही नव्हतं तेव्हाच्या शब्दापासून सुरू होतं, आणि तो शब्दच देव म्हणतं. मग तोच देव दुपारी दमून विहिरीच्या काठावर बसतो. परक्या जातीच्या बाईकडे पाणी मागतो, जिच्या भांड्याला त्याची माणसं शिवत नाहीत. मोठे विद्वान विचारून थकले, तू कोण ते उघड सांग. त्यांना आडून उत्तरं. या बाईला मात्र सरळ सांगतो, तो मीच. बाकी वेळी म्हणतो, मी भाकर आहे, मी दार आहे, मी वाट आहे. देवाने आपली ओळख रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंनी द्यावी, याचं मला नवल वाटत राहिलं. घरी वाचलेल्या पहिल्याच अध्यायात तो कमरेला पंचा बांधून शिष्यांचे पाय धुतो. आपण देवाच्या पादुका धुतो. इथे उलट. ते वाचून मी आपल्या विठोबापुढे बसलो, तर तोही मला जरा जवळ आल्यासारखा वाटला. यात बाटणं कुठे आलं ते मला कळत नाही.

हे वाचन साळव्यांसाठी आहे, हे मी चाळीत बोललो नाही. गेलेल्या माणसाच्या नावाची ढाल करू नये असं वाटलं. तुम्हीही बोलू नका. गोमूत्र मात्र घेणार नाही. धुण्यासारखं काही लागलेलं नाही.

नलूचं मुख पाहवत नाही. साखरपुडा थांबला तरी ती उशीच्या अभ्र्यावर वेल भरत बसते, हेच जड जातं. वहिनींस नमस्कार. रागातही आठवण ठेवा.

जयवंत


आंबेखोल
१ मार्च १९५६

चि. जयवंतास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पाय धुण्याचं तिसऱ्यांदा. पण माझं ऐक. चिंतामणराव रविवारी तुझ्याकडे येत आहेत. मी हातापाया पडून त्यांना गोमूत्रावरून खाली आणलं आहे. साळव्याचं नाव त्यांना चाळीतून कळलं आहे, माझ्याकडून नाही. ते एवढंच विचारतील, साळव्याशी आणि त्या पुस्तकाशी तुझं नातं काय. तू म्हणायचं, काही नाही. एका शब्दाने पोरीचं आयुष्य मार्गी लागतं. साळव्याला आता काय फरक पडणार?

हे जमत नसेल, तर जयवंत माझा भाऊ असं चार माणसांत मला सांगता येणार नाही.

गुणाजी


काळाचौकी
१६ मार्च १९५६

ती. स्व. काकांस नलूचा शि. सा. नमस्कार.

बाबांना लिहवत नाही, म्हणून मी लिहिते.

त्या रविवारी अठरावा अध्याय आला होता. बाबांनी निवडला नव्हता, ओळीने आला. गुरूला शिपाई धरून नेतात. त्याचा शिष्य थंडीत अंगणातल्या शेगडीशी शेकत उभा असतो. लोक तीनदा विचारतात, तू त्याचाच ना? तो तीनदा नाही म्हणतो. बाबांनी पोथी बांधली. त्यांचा चहा तसाच निवला.

दहाला चिंतामणराव आले, बरोबर त्यांचे चिरंजीव श्यामकांत. त्यांनी तुम्ही लिहिलं होतं तसंच विचारलं. बाबांनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. मग ते समजुतीने म्हणाले, शेजाऱ्याचं पुस्तक म्हणून नुसतं ठेवलं होतं, एवढं म्हणा. बाबा पोथीकडे पाहत राहिले. आईने पदर तोंडाला लावला. तिसऱ्यांदा त्यांनी आवाज चढवला, तेव्हा बाबा हळू म्हणाले, की साळवे माझे मित्र होते. पोथी त्यांची आहे. तीन अध्याय उरलेत, ते मी वाचणार. मी होतो तोच आहे, देव्हारा समोर आहे, बघून घ्या.

चिंतामणराव चहा न घेता उठले. श्यामकांत जिन्यापाशी एकदा थांबले, पण वडिलांच्या मागोमाग उतरले. काका, खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस रडले. मग उशीच्या अभ्र्यावर भरत होते तो वेल पुरा केला. त्यावर कुणाचं नाव नव्हतं.

जाईबाई दाराआड होती. सगळं ऐकलं तिने. काल गुरुवारी शेवटचा अध्याय होता, तेव्हा आत आली आणि पोथीसमोर ताट ठेवलं. त्यात निखाऱ्यावर भाजलेले दोन बांगडे. आई हादरली, पोथीला कुणी मासळीचा नैवेद्य दाखवतं? जाईबाई म्हणाली, साळव्यांना आवडायचे, मला दुसरं काय ठाऊक?

बाबा हसले आणि रडले. कारण त्या अध्यायात मेलेला गुरू पहाटे तळ्याकाठी परत येतो, निखाऱ्यावर मासळी भाजतो आणि दमलेल्या कोळ्यांना जेवायला बोलावतो. तू कोण, असं कोणी विचारत नाही. ओळखलेलं असतं. तिथे बाबांनी पोथी माझ्या हातात दिली, पुढचं मी वाचलं.

तुमचा शब्द आमच्यामुळे गेला, त्याची क्षमा करा. काकूंच्या गुडघ्याचं कळवा. मला तुमचीच म्हणत राहा.

नलू


आंबेखोल
२१ मार्च १९५६

चि. जयवंतास व चि. नलूस आशीर्वाद.

नलूचं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचायला लावलं. मग ती दुखऱ्या गुडघ्याने उठली आणि देवापुढे दिवा लावून आली.

पालखीचा खांदा यंदा आपल्याकडे नाही. बैठकीत मला विचारलं, जयवंताचं तुम्ही काय ठरवलंत? मी सांगितलं, बापाने शिकवलं तसा तो वागला.

नलूसाठी दुसरं स्थळ बघू. पाटावरचं पुस्तक बघून जो आत येईल, तोच.

शिमगा आटोपला की मुंबईस येतो. साळव्यांना पुरलं ती जागा मला दाखव. सोबत आपल्या माडाचा नारळ आणतो. पारायण झालं आणि नारळ फुटला नाही, हे बरं नव्हे. त्यांच्यात चालतो की नाही ते तू बघ. तोवर चाळीत सांगून ठेव, मी येतो आहे. आणि जिन्यावर कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर मी सांगणार आहे, जयवंताचा थोरला भाऊ.

गुणाजी