थांबायला शिकवताना

ताई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

ऑफिसात जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल आम्ही नव्या कॉम्प्युटरमध्ये करतोय ना, जुनी कामं त्यावर चालावीत म्हणून, ती सुरू झाली. पण इतकी भराभर चालते, की आतली जुनी सिस्टीम गोंधळून बंद पडते. म्हणून मी नव्या कॉम्प्युटरला मुद्दाम मध्येमध्ये थांबायला शिकवतेय. आमचे तरुण साहेब हसतात, "काकू, तुम्ही ब्रेकच लावा!"

बाबांचा खोकला कसा आहे?

परवा फोनवर ते माझं नाव शोधत होते, तेव्हा तू घाईने सांगून टाकलंस. कॉन्व्हेंट शाळेत प्रवेशाच्या दिवशी सिस्टरना माझं नाव नीट उच्चारता येईना, तेव्हा बाबांनीच ते ठणकावून सांगितलं होतं, आठवतं? आता पुन्हा त्यांना सांगू नकोस, ताई. आठवेपर्यंत मी थांबेन. नाहीच आठवलं, तरी फोन ठेवणार नाही.

तुझीच,
छोटी