वाकड्या साच्याचा हक्क

मी, वितोमिर ग्लिशिच, वय छप्पन्न, धंदा छोट्या टिपरचे ॲल्युमिनियमचे हौदे बांधणे, राहणार प्रेलिना, चाचाकजवळ, येत्या सोमवारी बेलग्रेडच्या डॉक्टरांपुढे छाती उघडून पडणार आहे. त्याआधी, डोके ठिकाणावर आणि राग त्याहूनही ठिकाणावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने हे लिहून ठेवतो.

१. घर, मागची आलुबुखाराची बाग आणि बँकेतली शिल्लक माझी बायको स्लावका हिला. बाग तिने आपल्या भावाच्या हाती देऊ नये. तो झाडे छाटत नाही, त्यांच्यावर सूड उगवतो.

२. रादिसाव तोमोविच हा माझा कूम, म्हणजे माझ्या लग्नात पाठीशी उभा राहिलेला साक्षीदार. आमच्याकडे हे नाते सख्ख्या भावाच्या वर धरतात, आणि कूमाविरुद्ध ब्र काढणे पाप समजतात. म्हणून आजवर तोंड मिटून होतो. मेलेल्या माणसाला ती अडचण नाही.

डिसेंबरात आमच्या घरी संत निकोलाचा सण असतो. त्या दिवशी दार सताड उघडे, कोणाला आमंत्रण नाही, आणि घरधन्याने बसायचे नाही. येईल त्याला राकिया, म्हणजे आमची फळांची दारू, ओतत, मासा वाढत उभे राहायचे. मला जागचे हलता येणार नाही हे रादिसावला पक्के ठाऊक.

"कूमा, जरा हवा खाऊन येतो," तो म्हणाला.

"लवकर ये, मासा गार होतोय," मी म्हणालो.

तो गेला माझ्या शेडमध्ये. ज्या साच्यावर मी हौदा जोडतो त्याची मापे टेपने उतरवली, आणि परत येऊन माझ्याच हातून आणखी एक पेला घेतला. वसंतातल्या शेती मेळ्यात माझा हौदा उभा, वर पाटी त्याची. चारचौघांत मला म्हणतो, "वितो, तुझा साचा तर मध्ये वाकडा निघाला रे! मी सरळ करून घेतला हो." सगळे हसले.

वाकडा मी केला आहे. मला कोणी शिकवले नाही. किती पत्रे वाया घालवून शिकलो ते स्लावकाला विचारा. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियम ओढले जाते, म्हणून साच्याला आधीच उलटा बाक द्यायचा. निवल्यावर तळ सरळ बसतो. रादिसावच्या सरळ साच्यावरचे तळ बशीसारखे होतात, आणि मागचा फाळका मिटत नाही. त्याचे टिपर कुठून गेले हे रस्त्यावरच्या खडीवरून कळते.

सबब रादिसावला मी त्याचा टेप देतो. तो त्या दिवशी साच्याखाली विसरला होता. हे मृत्युपत्र कोर्टात उघडतील तेव्हा तो सर्वांदेखत द्यावा आणि हे कलम मोठ्याने वाचावे. वाचणारा दमल्यास पाणी पिऊन पुन्हा वाचावे.

३. शेड, वेल्डिंगची यंत्रे आणि हत्यारे यास्नाला. ही रादिसावचीच मुलगी. वेल्डिंग माझ्याकडे शिकली. तो टेप तिने हातात घेतला, उलटून पाहिला आणि म्हणाली, "काका, हा मीच बाबांना वाढदिवसाला दिला होता." तेव्हापासून बापाच्या कारखान्यात आजतागायत पाऊल टाकले नाही. ॲल्युमिनियम घासायचा ब्रश लोखंडाला लावून बाटवणाऱ्याला शेडबाहेर हाकलण्याचा माझा अधिकारही तिच्याकडे जावा.

४. साचा. इथे मी लिहिले होते की माझ्या दफनाच्या दिवशी तो कापून भंगारात घालावा, कोणालाही मिळू नये. साक्षीला आलेल्या शेजारच्या स्तामेना मावशींनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"वितोमिर, तू सूड घेतोयस की बक्षीस वाटतोयस?"

"म्हणजे?"

"अरे, साचा कापलास की हलका हौदा बांधणारा इथे तो एकटाच उरेल. पोरगी नुसत्या यंत्रांवर काय बांधणार? साध्या परवान्यावर जड गाडी चालवता येत नाही, म्हणून तसल्यांना हलकाच हौदा लागतो. फाळका मिटो न मिटो, जातील त्याच्याच दारात."

दुसरा साक्षीदार मिओद्राग माझा पहिला हौदा अजून चालवतो. तो म्हणाला, "मी नाही जाणार. गाढवावर खडी वाहीन."

"आधी गाढवाला विचार, तुझ्याबरोबर काम करेल का," मावशी म्हणाल्या.

मी पेन पुन्हा हातात घेतले. मग ते वाक्य खोडले. खोडल्याजागी सही केली आहे. साचा यास्नाला. तिने हौदे बांधावेत, पाटीवर नुसते 'यास्ना' लिहावे. आडनाव लावल्यास श्रेय बापाला जाईल.

कुठल्या जाडीच्या पत्र्याला बाक किती आणि नेमका कुठे द्यायचा, हे या कागदावर मुद्दाम लिहिलेले नाही. ते माझ्याखेरीज तिला एकटीलाच माहीत आहे. ती त्याची मुलगी आहे. कधीतरी तिचे मन द्रवेल, आणि मी ते जमिनीखालून अडवू शकत नाही. म्हणून अट एवढीच, की तिने आपण होऊन सांगू नये. रादिसावने दिवसाढवळ्या, गिऱ्हाइके हजर असताना शेडच्या दारात यावे आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावे, "पोरी, मला येत नाही. शिकव." मग तिने सगळे शिकवावे, काही न लपवता. एका खेपेत समजले नाही, तर त्याने पुन्हा तसेच म्हणावे.

हे मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि त्यांच्यादेखत सही केली.

वितोमिर ग्लिशिच

साक्षीदार:
स्तामेना योकोविच, निवृत्त टपाल कारकून
मिओद्राग बाबिच, टिपरमालक

प्रेलिना, ता. ६ ऑक्टोबर २०२३