खात्रीचा प्रश्न

सोलापूर,
गड्ड्याची जत्रा उठून गेल्यावर

चिरंजीव अमृत यास,

तुझी आजी सारजाबाई, म्हणजे तुझ्या बापाची आई, हिचे आशीर्वाद. मी कोण लागते ते मुद्दाम लिहायला लावलं आहे, कारण तुझ्या विसराळूपणावर माझा पूर्ण भरवसा आहे. जो मुलगा दहावीच्या पेपराला एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून गेला, आणि पेपर सुटेपर्यंत ज्याला ते कळलं नाही, त्याला आजी आहे याची आठवण करून दिलेली बरी.

तुझी तब्येत कशी आहे? पुण्यात थंडी पडली असेल. कानाला मफलर बांधत जा. मफलर हरवला असेल तर रुमाल बांध, आणि रुमालही हरवला असेल तर निदान कान तरी जागेवर ठेव. माझं बरं चाललं आहे. गुडघे दुखतात, पण ते माझेच आहेत म्हणून चालवून घेते.

पत्र वरच्या खोलीतली मालती लिहिते आहे. झेडपीत कारकून आहे, चांगली बाई आहे (हे लिहिताना तिनं मान खाली घातली), पण माझं बोलणं ती धुऊन, इस्त्री करून मगच कागदावर ठेवते. मी ‘न्हाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते. मी ‘लई’ म्हटलं की हात थांबवून माझ्याकडे बघते. तिला म्हटलं, दोन-चार लई तरी राहू दे गं, नाहीतर पोराला वाटेल की हे दुसऱ्याच कुणा म्हातारीचं पत्र आहे, आणि सध्या आम्हा दोघांत नेमकी तीच अडचण झाली आहे.

तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. मालती म्हणते, झालं ते त्याला माहीतच आहे, मग परत कशाला सांगायचं? मी म्हटलं, त्याला टेंभुर्णीच्या स्टँडवरची बाजू माहीत आहे. तव्याजवळची बाजू माहीत नाही.

सुरुवात तूच केलीस. जुन्या फोनचाच नंबर ठेवून हा मोबाइल तू आणलास, भाकरीच्या टोपलीमागं भिंतीला स्कॅनर तू चिकटवलास, आणि पैसे आले की मोठ्यानं सांगणारी ती डबीही तूच ठेवलीस. गिऱ्हाइकानं मोबाइल दाखवायचा, डबीनं बोलायचं, मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून द्यायची. मला वाचता येत नाही हे त्या दिवसापासून कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. (जन्मभर लोक मला अंगठाछाप म्हणाले. आता तुमच्या पुण्याची शिकलेली माणसं मोबाइल कशानं उघडतात, ते तूच सांग.) फक्त तो पिन डोक्यात राहीना. आकडे मला मुंग्यांसारखे दिसतात. मग एकदा बघितलं, तर तीन-तीन ठिपके ओळीनं मांडलेले, म्हणजे रांगोळीच की. कुठून सुरू करायचं आणि कुठं वळायचं तेवढं बोटाला शिकवलं, आणि विसरू नये म्हणून रोज सकाळी दारात तीच काढायला लागले. गल्लीतल्या बायका विचारायच्या, सारजाबाई, रोज तीच का, आणि असली वाकडी का? मी म्हणायची, नवसाची हाय. नव्या पेठेत खरेदीला जाणारी माणसं रोज माझा पिन ओलांडून जात होती. त्यातल्या कुणी एका पैशाला हात लावला नाही. मला लुटलं ते माझ्या दारावरून कधी न गेलेल्या माणसानं.

तो दिवाळीतला लग्नघरवाला तुला ठाऊकच आहे. काय गोड बोलणं त्याचं. मला आई म्हणाला, तब्येत विचारली, वऱ्हाडासाठी भाकऱ्या हव्यात म्हणाला, आणि पैसे आधीच पाठवतो म्हणाला, तिथंच मी विरघळले. आधी पैसे देणारं गिऱ्हाईक मी सोलापुरात अजून बघितलेलं नाही. तो म्हणाला, पैसे जमा व्हायला तुमचा पिन घाला. मी घातला. डबी काही बोलली नाही. मला वाटलं, थंडीनं तिचा घसा बसला असेल. चुलीजवळ आणून ठेवली तिला. दिवाळीची सगळी चटणी ज्या पैशांत विकली होती ते पैसे गेले, आणि वऱ्हाडाच्या भाकऱ्या मी आणि मालतीनं संक्रांतीपर्यंत आमटीत बुडवून खाल्ल्या. (मालती म्हणते, हे लिहायची गरज नव्हती. पण तिच्या दाढेचं त्यात काय झालं ते मी लिहायला सांगितलेलं नाही, हे तिनं ध्यानात घ्यावं.)

मग तू रजा काढून आलास. रागावला नाहीस. पिन बदललास, दारातली रांगोळी पायानं पुसलीस, आणि मला एकेक गोष्ट समजावलीस. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. मेसेजमध्ये आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही. आणि शेवटी म्हणालास, आजी, उद्या माझ्या आवाजात कुणी अडचण सांगून पैसे मागितले तरी पाठवू नकोस, हल्ली आवाजसुद्धा बनवता येतो. मी म्हटलं, तुझा आवाज कोण बनवेल, बनवायचाच तर चांगला नाही का बनवणार? पण मनात भीती बसली. म्हणून मीच तोड काढली. फोनवर मी एक प्रश्न विचारीन, ज्याचं उत्तर फक्त तुला आणि मलाच माहीत. शाळेत निघताना आजी तुझ्या खिशात काय घालायची? तू हसलास आणि उत्तर सांगायला तोंड उघडलंस. मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. मला लिहून ठेवता येत नाही, आणि मोठ्यानं बोललेलं गल्लीला ऐकू जातं. म्हटलं, आता बोलू नको. आपल्याला माहीत हाय तेवढं बास. हा सगळा शहाणपणा माझा. तुझा त्यात काही दोष नाही.

गड्ड्याच्या आदल्या दिवशी तवा तापलेला, टोपलीपुढं गिऱ्हाईक उभं, आणि फोन आला. नंबर अनोळखी. मागं एसटीचा गोंगाट. आजी, मी अमृत. टेंभुर्णीला चहाला खाली उतरलो, बस निघून गेली, मोबाइल, पाकीट, बॅग सगळं बसमध्ये. या चहावाल्याच्या नंबरवर तिकिटापुरतं पाठव. मला तिथंच कळायला हवं होतं. असा प्रकार करणारा या जिल्ह्यात एकच माणूस आहे. पण माझ्या कानात तुझंच शिकवणं वाजत होतं. मी विचारलं, खिशात काय? तू लगेच म्हणालास, शेंगा. भाजलेल्या शेंगा, सोललेल्या.

माझं उत्तर फुटाणे होतं.

आजी, मीच हाय गं, असं तू म्हणालास, आणि तिथं माझी खात्रीच पटली. पुण्याला गेल्यापासून तू ‘आहे’ म्हणतोस. म्हटलं, चोरानं कुठं बसून आमची बोली शिकून घेतलीय, पण धडा जुना घेतलाय. त्यानंतर मी जे बोलले ते निम्मं मराठीत होतं आणि निम्मं कानडीत. (सासरी, वळसंगला शिकलेली कानडी भांडायला अजून उपयोगी पडते. ती कशी लिहायची ते मालतीला येत नाही, आणि येत असतं तरी तिनं लिहिलं नसतं.) त्या चहावाल्यालाही सोडलं नाही. त्याला म्हटलं, चोराला फोन देतोस, तुझं दूध नासू दे. तुझी आई सांगत होती की त्यानं तुझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. अशी आजी कुणाला असू नये म्हणाला म्हणे.

आणि मग ऐक, मी काय केलं. फोन ठेवला आणि अख्ख्या गल्लीला सांगत सुटले. चोर पकडला म्हणून. आमच्या बचत गटाच्या बायकांनी संध्याकाळी मला खुर्चीवर बसवलं, खण आणि नारळ दिला, आणि सावध कसं राहायचं यावर दोन शब्द बोला म्हणाल्या. मी दोन शब्दांवर थांबले नाही. तुझ्या रडक्या आवाजाची नक्कल करून दाखवली. बायका हसून हसून लोळल्या. मी लई खूश झाले. दिवाळीत पैसे गेले तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुला हाकललं त्या दिवशी मात्र मी पोटभर जेवले, वर चटणी मागून घेतली. तेच आता मला लागून राहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी माढ्याहून तुझ्या आईचा फोन आला. (तिलाही आधी खात्रीचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, आत्या, आता पुरे करा.) तिनं सांगितलं की तू उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून तिच्या दारात पोचलास, अंगावर सगळी धूळ, आणि नुसतं पाणी मागितलंस. बॅग सोलापूरच्या स्टँडवर वेळेवर पोचली होती, ती दुसऱ्या बसनं माढ्याला परत गेली. बॅग सोलापूरला येऊन गेली, तू आला नाहीस. आईलाच का फोन केला नाहीस असं मी विचारलं, तर ती म्हणाली, त्याला कुणाचाच नंबर पाठ नाही, माझाही नाही. फक्त तुमचा पाठ आहे, तुम्ही लहानपणी म्हणवून घेतलेला.

तेव्हापासून मी तुला फोन लावते. म्हणजे मालती लावते, मी कान देते. तू उचलत नाहीस. तुला बोल लावणार नाही. ओळखीच्या आवाजावर भरवसा ठेवायचा नाही, हे तूच मला शिकवलंस. पण लुटणारा आई म्हणाला तेव्हा मी पिन दिला, आणि नातू आजी म्हणाला तेव्हा तिकिटापुरतेही पाठवले नाहीत, हे काही केल्या मनातून जात नाही. तो नारळ देवापुढं तसाच आहे. फोडवत नाही, परतही देववत नाही.

तरी एक गोष्ट उरतेच. उत्तर तुझं चुकलं होतं. चुकलं नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. एवढं विसराळू असू नये माणसानं. बाकी सर्व ठीक. खाली माझा अंगठा आहे. तो गोड बोलून कुणाला काढून घेता येत नाही.

तुझी आजी,
सारजाबाई

ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर मायाक्का आली. तुला आठवत नसेल, वळसंगची माझी धाकटी जाऊ. तिला मालतीनं पत्र वाचून दाखवलं. फुटाण्यांपाशी तिनं थांबवलं. म्हणाली, अक्का, या पोरानं एकदा फुटाणा नाकात घातला होता, डॉक्टरनं चिमट्यानं काढला, आणि त्या दिवसापासून त्याला फुटाणा द्यायचा नाही अशी शपथ तूच घेतलीस की. शेंगाच द्यायचीस. सोलून, टरफल फुंकून. मी म्हटलं, मग माझ्या बोटांना फुटाणे कसे आठवतात? मग मलाच आठवलं. खाकी चड्डीचा तो खिसा तुझा नव्हता. रामहरीचा, तुझ्या बापाचा होता. तो गेल्यापासून तुम्हा दोघांची पोरपणं माझ्यात एकमेकांत मिसळली आहेत, आणि मला ते कळलंच नाही. म्हणजे उत्तर तुझं बरोबर होतं, आणि वर मी विसराळूपणाबद्दल जे जे लिहवलं ते सगळं माझ्या नावावर धर. मालती म्हणाली, तो भाग खोडते. मी म्हटलं, राहू दे, चपलेचं तरी खरं आहे.

आणखी ता. क. गड्ड्याला तू कशासाठी येत होतास ते तुझ्या आईनं मला सांगून टाकलं. भार्गवी नावाची मुलगी आहे, आणि तुला ते सगळ्यांच्या आधी मला सांगायचं होतं. ते मी ऐकलेलं नाही असं समज. विसरले. मला विसरता येतं हे आता सिद्धच झालं आहे. तिला घेऊन ये आणि पहिल्यापासून सांग, मी नव्यानं ऐकीन. दारात काही विचारणार नाही, तिलाही नाही आणि तुलाही नाही. नारळ तेव्हा फोडू. पण येताना बसमधून मध्येच खाली उतरू नकोस.

शेवटचं. या पत्राबरोबर पुडीत शेंगा आहेत, मी सोललेल्या, त्या खिशात ठेव. आणि तिकडून मला मूठभर फुटाणे पाठव, खारे. मला आता ते चावत नाहीत हे माझ्या ध्यानात आहे. तरी पाठव.